विजेवरची चेनसॉ: धूर निघतो, साखळी उतरते, मधूनच बंद पडते. चूक कुठे होते आहे?

प्रश्न: पहिलाच_ओंडका

नमस्कार.

गेल्या महिन्यात मी वायरवर चालणारी २,००० वॉटची चेनसॉ घेतली. साखळी जिच्या कडेने फिरते ती पट्टी १४ इंचांची आहे. काम तसे मर्यादित आहे. वादळात उन्मळून पडलेल्या एका झाडाचे खोड आणि फांद्या आवारात पडून आहेत, त्यांचे हातभर लांबीचे तुकडे करायचे आहेत. हातकरवतीची मला चांगली सवय आहे, पण यंत्राची ही पहिलीच वेळ. सोबतच्या पुस्तिकेतील चित्रे नखाएवढी आणि मजकूर इतका त्रोटक होता, की साखळी बसवताना मी बरेचसे अंदाजानेच केले, हे आधीच कबूल करते.

पहिल्याच फांदीवर करवत टेकवली तेव्हा ती लाकडात शिरेना, नुसती वरच्यावर घासत राहिली. जळका वास आला, धूर निघाला आणि खाली पिठासारखा काळपट भुगा पडला. जोर लावून पाहिला, तर दहा मिनिटांत यंत्र आपोआप बंद पडले आणि अर्ध्या तासाने काहीही न करता पुन्हा चालू झाले. तोवर साखळी इतकी सैल झाली होती, की पट्टीखाली लोंबत होती, आणि पुढच्या प्रयत्नात ती खोबणीतून उतरलीच. मी ती पुन्हा चढवून आवळली. मात्र काल यंत्र उचलून खोडापाशी नेल्यापासून खटका कितीही दाबला तरी ते ढिम्म हलत नाही. शिवाय रात्रभर फळीवर ठेवले होते, तेथे तेलाचे थारोळे झाले आहे.

वीज घेण्यासाठी माझ्याकडची ५० मीटरची जुनी एक्स्टेन्शनची रीळ वापरते. वायरीवर १ चौ. मि.मी. असे छापलेले आहे. वीसेक मीटर सोडवते, बाकी रिळावरच असते. काम थांबवल्यावर रिळाला हात लावला तर ती चांगलीच गरम लागली.

यंत्र बदलून घ्यावे की दोष माझाच आहे? आणि विजेची करवत पेट्रोलच्या करवतीइतकी धोकादायक नसते असे ऐकले, ते कितपत खरे आहे?


उत्तर: गोल_कानस

यंत्र बदलण्याची घाई करू नका. तुम्ही केलेल्या वर्णनावरून पहिला संशय साखळी उलटी बसल्याचा येतो. ही चूक नवखेच करतात असे नाही. साखळी पट्टीवरून काढताना ती हातात पीळ खाऊन उलट्या दिशेची होते आणि अनुभवी माणूसही ती तशीच चढवून मोकळा होतो. उलटी साखळी दिसायला सुलटीसारखीच दिसते आणि फिरतेही झकास, फक्त कापत नाही.

प्लग सॉकेटमधून काढा (बॅटरीची करवत असती तर बॅटरी काढा म्हटले असते), जाड हातमोजे घाला आणि साखळीचा एकच दात उजेडात नीट पाहा. त्याला दोन उंचवटे दिसतील. एक लहान, गोलसर आणि बोथट असतो. दात लाकडात किती खोल जावा हे तो ठरवतो. त्याच्या मागे, किंचित उंच आणि रंध्याच्या पात्यासारखी धार असलेला, खरा कापणारा भाग असतो. पट्टीच्या वरच्या कडेवर असलेल्या दातांची धार पट्टीच्या टोकाकडे, म्हणजे तुमच्यापासून दूर, तोंड करून असली पाहिजे आणि बोथट उंचवटा तिच्या पुढे असला पाहिजे. खालच्या कडेवर हेच तोंड यंत्राकडे येते, आणि ते योग्यच आहे, कारण साखळी वरून टोकाकडे जाते आणि खालून परत येते. दात आळीपाळीने डावे-उजवे असतात. १९४६ मध्ये जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे डावीउजवीकडे चालताना पाहिले आणि त्यावरून त्याला ही रचना सुचली. तिच्यामुळेच दात लाकूड खरवडत नाही, त्याच्या ढलप्या काढतो. म्हणून खाली काय पडते यावर लक्ष ठेवा. ढलप्या पडत असतील तर करवत कापते आहे. पीठ पडत असेल तर साखळी उलटी तरी आहे किंवा बोथट तरी.

आता बसवण्याची रीत. बाजूचे झाकण काढा. पट्टीच्या खोबणीतील आणि तेलाच्या छिद्रातील भुगा काडीने साफ करा. साखळी आधी पट्टीच्या टोकावर चढवा, मग मागचा लोंबता फेरा मोटरच्या दातेरी चक्रावर अडकवा आणि पट्टी बोल्टवर बसवा. ताण देणारी लहान खुंटी पट्टीच्या छिद्रात शिरली आहे याची खात्री झाल्याशिवाय झाकण लावू नका. ती बाहेर राहिली तर ताणाचा स्क्रू कितीही फिरवा, काही होत नाही, आणि वर नट आवळला की खुंटी वाकते. नट सुरुवातीला बोटांनीच आवळा. मग एका हाताने पट्टीचे टोक वर उचलून धरून दुसऱ्या हाताने ताणाचा स्क्रू फिरवा. टोक वर धरलेले असतानाच पान्याने नट पक्का करा. बहुतेकांची साखळी दहा मिनिटांत लोंबते ती याच जागी, कारण टोक न उचलता नट आवळला तर पट्टी आपल्या जागी खाली झुकलेली असते आणि पहिल्याच कापात वर सरकून सगळा ताण सोडून देते.

ताण बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी साखळी पट्टीच्या मध्यावर चिमटीत धरून ओढा. पट्टी आणि साखळी यांच्यात तीन-चार मि.मी. फट दिसावी, साखळीचे आतले पाते खोबणीतून पूर्ण बाहेर येऊ नये आणि सोडताच साखळी चटकन पट्टीला चिकटावी. हातमोजा घालून ती हाताने फिरवली तर न अडकता फिरावी. नव्या साखळीचे सांधे पहिल्या तासात बसतात, म्हणून दर चार-पाच कापांनंतर थांबून ताण पाहत जा. तापलेली साखळी लांबते आणि निवल्यावर आखडते. काम चालू असताना आवळलेली साखळी काम संपल्यावर थोडी सैल करून ठेवावी, नाहीतर निवताना ती मोटरच्या आसावर ओढ देत राहते.

खटका दाबूनही यंत्र हलत नाही, याचे उत्तर बहुधा फार साधे आहे. पुढच्या मुठीच्या समोर जो आडवा रक्षक असतो, तोच साखळीचा ब्रेक आहे. उचलून नेताना तो पुढे ढकलला गेला की ब्रेक लागतो आणि मोटरला वीज मिळत नाही. तो मागे ओढा, ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. त्यानंतर आधी सुरक्षेचे बटण आणि मग खटका.

तेलाचे थारोळे पाहून घाबरू नका. पट्टी आणि साखळीच्या सांध्यांत साचलेले तेल रात्रभर झिरपतेच, त्यासाठी खाली पुठ्ठा ठेवावा. उलट तेल न पोहोचणे हा खरा दोष. टाकी भरून करवत कोरड्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि काही सेकंद चालवा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. ती उमटत नसेल तर एकही काप घेऊ नका.


उत्तर: जुना_गडी

वरील सर्व मान्य. तेलाबाबत एवढेच सांगतो, की गाडीतून काढलेले जुने इंजिन ऑइल गाळून घातले तरी काम भागते. मी अनेक वर्षे तेच घालत आलो आहे.


उत्तर: तीन_फेज

मी वायरिंगची कामे करतो, म्हणून विजेपुरतेच लिहितो. यंत्र आपोआप बंद पडून अर्ध्या तासाने चालू झाले, याचा अर्थ अतिभाराच्या संरक्षकाने मोटर वाचवली. उलट्या साखळीवर तुम्ही जोर दिलात हे एक कारण झाले, आणि गरम रीळ हे दुसरे.

हिशेब करून पाहू. २३० व्होल्टवर २,००० वॉटची मोटर सुमारे ८.७ अँपिअर घेते. ५० मीटरच्या एक्स्टेन्शनमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे तांब्याची वाट १०० मीटरची झाली. १ चौ. मि.मी. जाडीला तिचा रोध सुमारे १.७५ ओहम होतो. त्यामुळे वाटेतच पंधरा व्होल्ट गळतात आणि वायरीत सव्वाशे वॉटहून अधिक उष्णता तयार होते. यातली निम्म्याहून जास्त तुमच्या रिळावरच्या गुंडाळीत कोंडते, कारण तिथे ३० मीटर वायर एकमेकींना चिकटून बसली आहे आणि वारा लागायला जागा नाही. आतल्या थरांचे आवरण मऊ होऊन दोन तारा एकमेकींना भिडायला फार वेळ लागत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. हीच वायर २.५ चौ. मि.मी. असती तर गळती सहा व्होल्टांवर आली असती. तेव्हा ५० मीटर लांबी खरोखर हवी असेल तर २.५ चौ. मि.मी. घ्या. वीसेक मीटरवर भागत असेल तर १.५ पुरेल. दोन्ही बाबतींत रबरी आवरणाची, बाहेरच्या वापराची वायर घ्या आणि रीळ शेवटच्या वेढ्यापर्यंत सोडवा. काम पाच मिनिटांचे असले तरी सोडवा.

ज्या सॉकेटवरून वीज घेता त्याच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. फिरत्या साखळीखाली स्वतःचीच वायर येणे हा या यंत्राचा नेहमीचा अपघात आहे, आणि त्या क्षणी एमसीबीच्या भरवशावर राहू नका. तो वायरीला वाचवण्यासाठी असतो, माणसाला नव्हे. करवतीच्या मागच्या मुठीजवळ वायर अडकवायचा आकडा असतो, त्यात एक वेढा द्या म्हणजे ओढ प्लगवर येणार नाही. वायर नेहमी उजव्या खांद्यामागून, कापण्याच्या बाजूपासून दूर राहील अशी सोडा. पाऊस असेल किंवा गवत ओले असेल तर वायरची करवत बाहेर काढूच नका.


उत्तर: डावा_हात_सरळ

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून माझा प्रसंग सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी एका पडलेल्या झाडाच्या फांद्या छाटत होतो. करवत विजेचीच, तुमच्याएवढ्याच ताकदीची. मनगटाएवढी फांदी वरून कापत होतो. तिच्या पलीकडे, पानांच्या आड, अंगठ्याएवढ्या जाडीची दुसरी फांदी होती, ती मला दिसली नाही. पट्टीचे टोक त्या फांदीला लागले आणि पुढचे मला आठवते ते फक्त आवाजाने. मोटरचा आवाज तुटला, हेल्मेटच्या जाळीवर खरखर झाली आणि करवत माझ्या चेहऱ्यासमोर उभी होती. साखळी थांबलेली होती. जाळीच्या वरच्या कडेला दोन दातांचे ओरखडे आजही आहेत. मी काहीही केले नव्हते. करायला वेळच नव्हता. माझे मनगट रक्षकावर आदळून ब्रेक लागला, एवढेच.

याला उलटा झटका म्हणतात. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही लागला, की तिथे दात लाकडात शिरण्याऐवजी अडतो. साखळीची सगळी गती पट्टीलाच वर आणि मागे, म्हणजे तुमच्याकडे, फेकते. विजेच्या करवतीची साखळीही सेकंदाला दहा-पंधरा मीटर धावते, तेव्हा झटका देताना ती पेट्रोल की वीज याचा विचार करत नाही. खरे तर एका बाबतीत विजेची जास्त फसवी आहे. पेट्रोलची करवत बंद नसते तेव्हा भुरभुरत असते, आणि आपण तिच्यापासून आपोआप जपून राहतो. विजेची मात्र दोन कापांच्या मध्ये एकदम गप्प असते आणि बोट लागताच पूर्ण वेगाने धावते. त्या शांततेत माणूस पट्टीवरचा भुगा झटकायला हात पुढे करतो. माझे ऐका आणि हात पुढे करण्याआधी प्लग काढा, दरवेळी.

टोक कुठे आहे हे सतत माहीत हवे, आणि कापण्याच्या जागेमागची डहाळी आधी हातकरवतीने साफ करावी. पुढची मूठ डाव्या हाताने, अंगठा खालून वळवून घट्ट धरावी आणि कोपर शक्यतो सरळ ठेवावे. वाकलेला हात झटक्यात दुमडतो, सरळ हात त्याला रोखतो. डावखुऱ्यांनीही असेच धरायचे, कारण यंत्राची रचनाच तशी आहे. शरीर कापाच्या रेषेच्या डावीकडे ठेवा, म्हणजे पट्टी उसळली तरी ती खांद्याच्या बाजूने जाईल. खांद्याच्या वर करवत न्यायची नाही, शिडीवर चढून कापायचे नाही, आणि एका हाताने तर कधीच नाही. रोज सुरू करण्यापूर्वी ब्रेक लागतो का हे तपासा. करवत दोन्ही हातांनी धरून चालवा आणि डाव्या मनगटानेच रक्षक पुढे ढकला. साखळी क्षणात थांबली पाहिजे.

जाळीचे हेल्मेट, कानांवरचे संरक्षक, टाचेला पकड असलेले पोलादी टोकाचे बूट आणि अंगाला बेताचे कपडे इतके तरी हवेच. करवतीसाठी मिळणाऱ्या खास विजारीत लांब धाग्यांचे थर असतात, ते साखळीत गुंतून तिला थांबवतात. आयएसओ ११३९३ या मानकातील वर्ग १ ची विजार सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेली असते. ती जरूर घाला, पण ती घातली म्हणून पाय पुढे करू नका. विजेच्या मोटरचा जोर कमी वेगातही टिकून राहतो, त्यामुळे धागे गुंतूनही ती पेट्रोलच्या यंत्राइतकी सहज अडेल असे धरून चालता येत नाही.


पहिलाच_ओंडका

सर्वांचे मनापासून आभार. गोल_कानस यांनी लिहिले तेच निघाले. साखळी उलटी होती. दात भिंगाखाली पाहिला तेव्हा बोथट उंचवटा मागे आणि धार यंत्राकडे होती, आणि दातांच्या पाठी निळसर जळाल्या होत्या. ब्रेकही लागलेलाच होता. रक्षक मागे ओढल्यावर ‘टक्’ झाले आणि यंत्र सुरू झाले, तेव्हा मला स्वतःचेच हसू आले. नवी २.५ ची वायर घेतली आहे आणि आरसीसीबीही तपासून घेतला.

आज फांद्या लोण्यासारख्या कापल्या गेल्या. मग मुख्य खोडाकडे वळले. ते एका खळग्यावर आडवे पडले आहे, दोन्ही टोके जमिनीला टेकलेली आणि मधला भाग अधांतरी. मध्यावर वरून कापायला घेतले. निम्म्याच्या वर गेल्यावर कापाची फट मिटत गेली आणि पट्टी आत घट्ट पकडली गेली. यंत्र बंद केले, प्लग काढला, पण करवत अजून तिथेच अडकलेली आहे. ओढून काढू का?


उत्तर: गोल_कानस

ओढू नका, पट्टी वाकेल. प्लग काढलात हे उत्तम केले. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर घ्या, लोखंडी नको, कारण साखळी तिला लागली तर दात जातील. ती वरून त्याच फटीत, पट्टीपासून चार बोटे लांब ठोका. फट उघडली की करवत सरळ वर निघेल. पाचर हाताशी नसेल तर खोडाच्या मध्याखाली पहारीने किंवा जाड वाशाने उचल देऊन खाली ठोकळा सरकवा. तोल सुटून खोड फिरणार नाही अशा बाजूला उभे राहा.

हे का झाले ते समजून घेतले तर पुन्हा होणार नाही. लाकूड कुठे दबते आहे आणि कुठे ताणले जाते आहे, हे काप घेण्यापूर्वी ठरवायचे असते. तुमचे खोड दोन टोकांवर टेकलेले असल्यामुळे त्याची वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली आहे. अशा वेळी वरून जाडीच्या एक-तृतीयांशच कापावे आणि उरलेले खालून वर कापत नेऊन त्या कापाला मिळवावे. खालून कापताना पट्टीची वरची कड वापरली जाते आणि ती करवत तुमच्या अंगावर ढकलते, तेव्हा पाय फाकवून भक्कम उभे राहा आणि टोकाकडे लक्ष ठेवा. याच्या उलट, एक टोक टेकलेले आणि दुसरे हवेत असेल, तर ताण वर असतो. तिथे आधी खालून एक-तृतीयांश आणि मग वरून. हा पहिला लहान काप वगळला तर फांदी तुटताना खोडाची साल हातभर उभी सोलून नेते.

खोड पूर्ण जमिनीवर टेकले असेल तर वरून तीन-चतुर्थांश कापून ते फिरवा आणि उरलेले दुसऱ्या बाजूने पुरे करा. साखळी एकदा मातीला लागली की लावलेली धार संपलीच म्हणून समजा. शक्य असेल तेव्हा तुकडे लाकूड कापायच्या घोडीवर घ्या. कमरेच्या उंचीवर काम केल्याने पाठ वाचते आणि टोक जमिनीपासून दूर राहते. लाकडाला टेकण्याआधी साखळी पूर्ण वेगात आणा, पट्टीच्या मुळाशी यंत्रावर असलेला दातेरी टेकू खोडाला भिडवा आणि करवतीला तिच्या वजनाने उतरू द्या. दाबावे लागत असेल तर दोष धारेत आहे.

धारेबद्दल एक सूचना. दातांच्या पाठी जळाल्या असल्या तरी धारेचे टोक शाबूत असण्याची शक्यता आहे, पण कानस फिरवून घ्याच. तुमच्या मापाच्या करवतींवर बहुधा ३/८ इंची लो-प्रोफाइल साखळी असते आणि तिला ४ मि.मी. ची गोल कानस चालते. पट्टीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. दाताच्या वरच्या कडेवर जी रेघ कोरलेली दिसेल, बहुधा ३० अंशांची, तिला समांतर ठेवून आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला मोजून तितकेच फटके द्या. एका बाजूचे दात लांब राहिले तर करवत कापता कापता वाकडी जाऊ लागते. चार-पाच वेळा धार लावून झाली की बोथट उंचवटेही मापपट्टीने तपासा. ते धारेपेक्षा साधारण ०.६५ मि.मी. खाली असावेत. फार खाली घासले तर दात अधाशासारखा लाकूड घेतो आणि उलट्या झटक्याचा धोका वाढतो.

जुना_गडी, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण वापरलेल्या इंजिन ऑइलची शिफारस नव्या माणसाला करू नये. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो पट्टी आणि पंप दोन्ही झिजवतो, आणि त्यातील जळके घटक कर्करोगकारक आहेत. साखळीवरचे तेल टाकीत परत येत नाही, ते तुषार होऊन हातावर, चेहऱ्यावर आणि मातीत जाते. खाद्यतेलही दीर्घकाळ टाकीत ठेवू नये, ते चिकट होऊन वाट बुजवते.

पहिलाच_ओंडका, शेवटचे तुमच्यासाठी. खोडाचे मुळाकडचे टोक कापणार असाल तर आधी मुळांचा गड्डा कसा आहे ते पाहा. झाड उन्मळून पडले असेल तर तो खड्ड्याच्या कडेवर उभा राहिलेला असतो आणि खोडाच्या वजनाने तोलून धरलेला असतो. खोड तुटताच तो पुन्हा खड्ड्यात बसतो किंवा पुढे कोसळतो, आणि दोन्हींपैकी काय होईल हे आधी सांगता येत नाही. त्या कामासाठी दोर, ओढयंत्र आणि हे काम रोज करणारा माणूस बोलवा, आणि तोवर गड्ड्याच्या मागे कोणी उभे राहणार नाही हे पाहा.


पहिलाच_ओंडका

पाचर ठोकली, करवत निघाली, पट्टी सरळ आहे. गड्डा खरोखरच खड्ड्याच्या कडेवर तिरपा उभा आहे, हे मी आज पहिल्यांदा नीट पाहिले. त्या बाजूचे दोन मीटर खोड तसेच ठेवते आहे आणि भोवती दोरी बांधली आहे.